लाइट लागतो का तिथं

सोमवार, ३ मार्च

जमीन कराच्या ऑफिसात हे जो कोणी वाचेल त्याला,

मी रात्रभर झोपले नाही. साडेपाच महिन्यांची पोर घरात असली की झोप तशी कमीच असते, पण काल विनी चांगली झोपली होती. मीच जागी होते. तुमचं पाकीट आलं म्हणून.

पाकिटावर माझं नाव आणि माझ्या भावाचं नाव, दोन्ही आहेत. टायला ग्रीव्ह्ज आणि लॅकलन ग्रीव्ह्ज. घर आमच्या आईचं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली आणि घर आम्हा दोघांना अर्धं अर्धं आलं. आई असताना तुमचे कागद तीच बघायची, त्यामुळे मी हा कागद पहिल्यांदा बघितला. चार वेळा वाचला. तुम्ही लिहिलंय की हे घर भाड्यानं दिलेलं आहे म्हणून त्याच्या जमिनीवर कर लागतो.

ते भाड्यानं दिलेलं होतं. एकोणीस वर्षं अल्बी नावाचे म्हातारे इथं राहायचे. मागच्या मे महिन्यात त्यांचे गुडघे गेले आणि ते शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला गेले. ८ जूनला मी इथं आले. तेव्हापासून इथंच आहे. शेजारची ग्वेन म्हणते, स्वतः राहतेस तर या जमिनीवर कर नसतो, तसं त्यांना कळव. म्हणून कळवते. फोन केला होता, पण तुमच्याकडे गाणं वाजत राहतं आणि पाऊण तासानं विनी रडायला लागली.

अजून एक विचारायचं होतं. कागदावर जमिनीची किंमत आहे, त्याखाली लिहिलंय की ही किंमत जमिनीवर काहीच बांधलेलं नाही असं धरून काढलेली आहे. मी ग्वेनला म्हणलं, "म्हणजे घर धरलंच नाही?"

ती म्हणली, "तुझं घर धरण्यासारखं आहे का, बाई? दार ढकललं तर खिडकी पडते."

पण मला ते वाक्य सुटेना. पहाटे विनीला घेऊन मी मागच्या अंगणात गेले आणि तुम्ही बघता तशी जमीन बघायचा प्रयत्न केला. आधी घर काढलं. मग कुंपण, अल्बीची मासे साफ करायची फरशी, लिंबाचं झाड. मग खाली खाजणापर्यंत नुसता उतार राहिला, तिवरं राहिली आणि पाणी. ओहोटी होती. काळे हंस चिखलात माना घालून होते. आमच्या आधी हजारो वर्षं जे लोक इथं होते त्यांना हे असंच दिसत असणार. मला एकदम पाय कुठं ठेवू असं झालं. ऑफिसात बसून सगळ्यांच्या जमिनी तुम्हाला दरवर्षी अशा दिसतात का? तुम्हाला भीती नाही वाटत?

मी फार शिकलेली नाही. चुकीचं लिहिलं असेल तर सांगा.

माझा भाऊ लांब असतो, पार पश्चिमेला, लोखंडाच्या खाणीत. त्याला पत्र पाठवू नका. काय विचारायचं ते मला विचारा.

टायला ग्रीव्ह्ज


बुधवार, १२ मार्च

एम. काउलिंग यांना,

सहीवरून तुम्ही बाई आहात की बुवा ते कळत नाही. मी बाई धरून चालते. तुम्ही इतक्या लवकर उत्तर पाठवाल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लिहिता की नुसतं "मी राहते" म्हणून चालत नाही. १ जुलैपासून सलग राहिले पाहिजे आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला ते माझं घर असलं पाहिजे, आणि त्याचा पुरावा पाहिजे. लायसन्स, मतदार यादी, विजेचं बिल.

लायसन्सवर आईच्या जुन्या फ्लॅटचा पत्ता आहे. मतदार यादीतही तोच. विजेचं खातं अल्बींच्या नावावर आहे. पत्राच्या पेटीवर पण अजून त्यांचंच नाव आहे. मी बदललं नाही. का बदललं नाही ते विचारू नका, आळस म्हणा.

कागदावर मी कुठंच नाही, हे मला तुमचं पत्र वाचून कळलं. दोन दिवस घरातून फिरताना माझ्याच पायांचा आवाज मी ऐकत होते.

मग ग्वेन म्हणली, "रडत काय बसलीस? विजेच्या मीटरला विचार. हे नवीन मीटर सगळ्याचा हिशोब ठेवतात, मेले." तिनंच वृद्धाश्रमात फोन लावून अल्बींचा होकार घेतला आणि वीज कंपनीनं सगळी माहिती पाठवली. वाचनालयातल्या मुलीनं छापून दिली. ते कागद सोबत आहेत. कृपा करून नीट बघा, घाईनं नको.

दर अर्ध्या तासाला एक उभी रेघ आहे. जास्त वीज तर उंच रेघ. मी सगळे कागद स्वयंपाकघरात जमिनीवर मांडले, मेपासून डिसेंबरपर्यंत, आणि विनीला बाजूला पालथी टाकून गुडघ्यावर बसून वाचले. मे संपताना अल्बी गेले. तिथं रेघा संपतात. मग आठ-दहा दिवस काहीच नाही, पांढरा कागद. मग ८ जून, संध्याकाळी साडेसहा, एक रेघ. ती माझी किटली आहे. मी बॅगा दारात टाकून पहिला चहा ठेवला होता. तिथून मी सुरू होते.

जुलैत ऐन हिवाळा होता, हीटरच्या रेघा बघा. १६ ते २० सप्टेंबर तुम्हाला फक्त बुटक्या, सारख्या रेघा दिसतील. तो फ्रिज आहे. तुम्ही विचाराल की हे चार दिवस ती कुठं होती, म्हणून आधीच सांगते. दवाखान्यात. विनी झाली. त्याचा कागद माझ्याकडे आहे.

आणि २० तारखेनंतर बघा. त्या दिवसापासून रात्र आणि दिवस सारखेच आहेत. दोनला रेघ, साडेतीनला रेघ, पाचला रेघ. एकूण एक रात्र. मला वाटायचं की त्या वेळी सगळ्या जगात फक्त मी जागी आहे आणि हे कोणाला कधीच कळणार नाही. आणि भिंतीवरची ती राखाडी पेटी लिहून घेत होती.  माझ्या आईनं पण माझ्या एवढ्या रात्री मोजल्या नसतील.

३१ डिसेंबरचं शेवटचं पान वेगळं ठेवलंय. रात्री बाराच्या रेघेभोवती मी गोल केलाय. धक्क्यावर फटाके वाजत होते, विनी दचकून उठली होती आणि मी तिला खिडकीपाशी घेऊन उभी होते. त्याच क्षणी तुम्ही सगळ्या राज्याची जमीन बघत होता आणि कोण कुठं आहे ते लिहून घेत होता, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर केस तरी विंचरले असते.

ग्वेनचं पत्र पण जोडलंय. तिनं लिहिलंय की मी आवाज न करणारी शेजारीण आहे पण माझी पोर नाही. ते खोडायला सांगितलं तर ऐकली नाही.

टायला ग्रीव्ह्ज


मंगळवार, २५ मार्च

काउलिंगबाई,

तुम्ही लिहिलंय की कागद नीट आहेत आणि मी इथं राहते हे तुम्हाला पटलंय. ते वाक्य मी विनीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पण तुम्ही लिहिलंय की फॉर्मवरचा एक चौकोन मी रिकामा सोडलाय. या घरातून कोणाही मालकाला भाडं मिळतं का. हो की नाही.

तो चुकून राहिला नव्हता. तुम्हाला ते कळलंय असं वाटतं, कारण तुम्ही "कृपया" दोनदा लिहिलंय.

सांगते. आईला पुरून आल्यावर हॉलमध्ये चहा होता. माझा भाऊ लॅकी खाणीतून विमानानं आला होता, डोळे लाल. तो म्हणला, "टे, घर विकून टाकू. पैसे वाटून घेऊ. तुला गाडी होईल."

मी म्हणलं, "मला गाडी नको. मी राहते तिथं."

"तू? तू एक सोनमासा पाळला होतास. चार दिवस टिकला."

"मासा तू मारलास. पाणी बदललंस, नळाचं गरम."

तो हसला असता. हसायलाच आला होता तो, मला आता वाटतं. पण मी पुढं बोलले. मी म्हणलं, आई दवाखान्यात होती तेव्हा तू कुठं होतास, माती खणत होतास, आणि आता तिची जमीन पण खणून न्यायला आलास. सगळ्यांसमोर म्हणलं. सँडविचची थाळी हातात घेऊन.

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणला, "अल्बी भाडं देतोय तोवर राहू दे. म्हाताऱ्याला बाहेर काढायचं नाही. तो गेला की त्याच दिवशी विक्रीची पाटी लावायची." आणि गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मला तेव्हा दिवस जाऊन दोन महिने झाले होते. ते कोणालाच माहीत नव्हतं. विनीच्या बापालाही सांगितलं तेव्हा तो दुसऱ्या राज्यात गेला होता, आणि तिथंच राहिला.

मग मे महिन्यात अल्बी खरंच गेले. मला राहायला जागा नव्हती. आईचा फ्लॅट सोडावा लागला होता.

आई गेल्यापासून अल्बी दर पंधरवड्याला पोस्टात जाऊन भाड्याचे अर्धे पैसे लॅकीच्या खात्यात रोख भरायचे. चिठ्ठीवर लिहायचे, "अल्बी". जूनमध्ये मी पोस्टात गेले आणि तेच केलं. तेवढेच पैसे, चिठ्ठीवर "अल्बी". काउंटरवरच्या बाईनं चिठ्ठी बघितली, माझं पोट बघितलं आणि शिक्का मारला. तेव्हापासून एकही पंधरवडा चुकवला नाही. विनी झाली त्या आठवड्यातही ग्वेनला पाठवलं.

लॅकीला वाटतं अल्बी इथंच आहेत. म्हणून पेटीवर त्यांचं नाव आहे. म्हणून विजेचं खातं बदललं नाही. मी म्हणलं आळस. तो आळस नव्हता.

आता सांगा त्या चौकोनात मी काय लिहू. हो लिहिलं तर तुम्ही म्हणणार घर भाड्याचंच आहे, आणि कर लागणार, आणि तो कागद लॅकीकडे जाणार, आणि त्याला हवी होती ती पाटी तो लावणार. नाही लिहिलं तर ते खोटं आहे का? ते पैसे भाडं होते का? मला खरंच माहीत नाही. मी माझ्याच घराचं भाडं दुसऱ्याच्या नावानं भरत होते. असं कोणी करतं का? तुमच्याकडे यासाठी काही नाव आहे का?

रात्री बाराला मी कुठं होते ते मीटरनं सांगितलं. हे कोणता मीटर सांगणार?

टायला


गुरुवार, ३ एप्रिल

काउलिंगबाई,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रागावला नाहीत. मी पाकीट उघडायला दोन दिवस घेतले ते उगाचच.

तुम्ही म्हणता की ज्या मालकाच्या खात्यात पैसे गेले त्यानंच सांगायला पाहिजे की ते काय समजून घेतले, आणि ते लेखी पाहिजे. आणि अल्बींनी घर कधी सोडलं तेही त्यांच्याकडून लिहून पाहिजे. दुसरं सोपं वाटलं म्हणून आधी ते केलं.

काल विनीला घेऊन बसनं वृद्धाश्रमात गेले. अल्बी व्हरांड्यात पाय वर करून बसले होते. मला बघून म्हणले, "या, भाडेकरूबाई. माझं भाडं वेळेवर भरता ना? माझं नाव खराब करू नका, एकोणीस वर्षं कमावलंय."

मला वाटलं ग्वेननं सांगितलं. मी म्हणलं, "तिच्या तोंडात काही राहत नाही."

"ग्वेन कशाला? लॅकी म्हणला."

 मी विचारलं, "लॅकी कधी भेटला तुम्हाला?"

"भेटतोय कुठला. फोन करतो. दर पंधरवड्याला, शिफ्ट सुटली की. तुझी आई असल्यापासून करतो, मासे कसे लागतायत विचारायला. मी इथं आल्यावर पहिला फोन त्याचाच." त्यांनी विनीचं बोट धरलं. "जूनमध्ये म्हणला, अल्बी, तुझे पैसे आलेत माझ्याकडे, तू अजून भाडं भरतोस का? मी म्हणलं, बाबा, मला इथं मोजे सुद्धा दुसरे लोक घालतात, मी कुठलं भाडं भरतोय. मग तो गप्प झाला. मला वाटलं फोन कटला. मग म्हणला, लाइट लागतो का तिथं?"

"काय?"

"लाइट लागतो का तिथं. एवढंच. मी ग्वेनला विचारलं. ग्वेन म्हणली, लागतो. मी त्याला सांगितलं, लागतो. तो म्हणला, बरं."

अल्बी म्हणले, "तेव्हापासून दर फोनला विचारतो. मासे कसे आहेत, आणि लाइट लागतो का. सप्टेंबरात एकदा मी सांगितलं, कालपासून अंधार आहे म्हणते ग्वेन. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खाणीतून, तिथल्या यंत्राच्या आवाजात. मग सांगितलं, लागला बाबा, आता रात्रभर लागतोय."

"हिचं सांगितलं?" मी विनीकडे बघून विचारलं.

"ते सांगायचं काम माझं नाही."

"मग तो मला का नाही विचारत?"

अल्बी म्हणले, "तू का नाही सांगत? तुमची आई एकोणीस वर्षांत एकदाही भाडं मागायला आत आली नाही. दारात उभी राहायची आणि वाऱ्याचं बोलायची. वारा कुठून येतोय, उद्या कुठून येईल. मग मीच पैसे आणून द्यायचो, तिचे पाय दुखू नयेत म्हणून. तुम्ही तिचीच पोरं." मग त्यांनी तुमचा कागद मांडीवर घेतला, मे महिन्याची तारीख लिहिली आणि सही केली. अक्षर वाकडं आहे पण त्यांचंच आहे. सोबत जोडलंय.

परत येताना बसमध्ये मला तुमची ती रात्र आठवत होती. ३१ डिसेंबर, रात्री बारा. मला वाटलं होतं की वर्षातून एकदा का होईना, कोणीतरी इतक्या दुरून बघतं की मी कुठं आहे, आणि तेच मला केवढं मोठं वाटलं होतं. आणि माझा भाऊ जूनपासून बघत होता. सगळा देश मध्ये टाकून. मीटरच्या रेघा मी जमिनीवर मांडून वाचल्या, त्यानं त्या न बघता वाचल्या होत्या. चार दिवस नुसती फ्रिजची रेघ होती तेव्हा तिकडे कोणीतरी जागं होतं. मी खिडकीला डोकं टेकून बसले. स्टॉप गेला तरी कळलं नाही, पुढच्या स्टॉपवरून चालत आले.

घरी आल्यावर पत्राच्या पेटीवरचं अल्बींचं नाव काढलं. चाकूनं खरवडावं लागलं. माझं अजून लिहिलं नाही, रंग नव्हता.

पण पैशाचं तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. अल्बींनी ते विचारलेलं नाही. तो म्हणू शकतो, हो, मी भाडंच घेतलं, आणि आता पाटी लावा. मी त्याला हॉलमध्ये जे बोलले त्यानंतर त्याचा तो हक्क आहे. त्याला लाइटची काळजी आहे याचा अर्थ त्यानं मला माफ केलं असा होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

आज सकाळी मी त्याला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणला, "टे?" म्हणजे माझा नंबर त्यानं काढून टाकलेला नाही.  मी आमच्या आईसारखी त्या फोनच्या दारात उभी राहिले आणि मला वाऱ्याचं सुद्धा बोलता येईना. मी बंद केला. त्यानं परत केला, मी उचलला नाही. विनी झोपली होती असं मी स्वतःला सांगितलं. विनी जागी होती.

म्हणून हे तुमच्याकडे मागते. तुमचं काम नाही हे मला माहीत आहे. काउलिंगबाई रजेवर असतील तर जो कोणी हे पाकीट फोडेल त्यानं माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या पानावर मोठा लिहिलाय. अल्बी म्हणतात, पुढचे दोन आठवडे त्याची रात्रपाळी आहे. तो तिकडे सकाळी सहाला सुटतो तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात आणि तुमचं ऑफिस उघडतं, मी बघितलं. त्याला तुमच्या फॉर्मवर आहे तसंच विचारा, ते पैसे भाडं होते का. आणि तिथं कोण राहतं तेही विचारा, दोघींची नावं सांगून विचारा, विनीचं पण. ते सांगायचं काम माझं आहे, पण मला जमलं नाही.

तो लगेच बोलत नाही. तुम्हाला वाटेल फोन कटला. कटलेला नसतो. थोडं थांबा, ठेवू नका.

टायला